चार वजनदार माणसे आणि माझी चढण

मित्रांनो, माझ्या अंगात पाण्याचा एक थेंबही नाही. रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, रबरी नळ्या नाहीत. तरीही पंचेचाळीस वर्षे मी काम करतो आहे, आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षे तास्को या डोंगरावरच्या चांदीकामाच्या गावाच्या उभ्या दगडी चढणींवर. मी हवेवर थंड होणारे पेट्रोल इंजिन आहे. इथले लोक ज्या गोल पाठीच्या छोट्या गाडीला वोचो म्हणतात, तिच्या मागच्या बाजूला मी राहतो. नवखे लोक पुढचे झाकण उघडतात आणि आत सुटे चाक पाहून ओरडतात, "अरे, इंजिन चोरीला गेलं!" मी मागे बसून गुरगुरतो.

माझी मापे आधी ऐका. माझ्याविषयी चावडीवर बोलणाऱ्यांतले निम्मे लोक ती चुकीची सांगतात आणि उरलेले निम्मे त्यांना माना डोलावतात.

मला चार सिलिंडर आहेत. ते उभे नाहीत, आडवे झोपलेले आहेत; दोन डाव्या कुशीला, दोन उजव्या. एकेकाचा व्यास साडेपंच्याऐंशी मिलिमीटर, आत दट्ट्याची धाव एकोणसत्तर. सगळे मिळून सोळाशे सीसीला सोळा कमी. ताकद पंचेचाळीस घोड्यांच्या आसपास, पण ती समुद्रकाठची गोष्ट. तास्कोच्या उंचीवर हवा विरळ आहे, तिथे त्यातले सात-आठ घोडे घरीच बसतात. ऑइल लागते अडीच लिटर. गाळायला फिल्टर नाही, नुसती तारेची जाळी आहे, म्हणून ते ऑइल वारंवार बदलावे लागते. ठिणगीचा क्रम एक, चार, तीन, दोन. हा क्रम मी झोपेतही विसरत नाही. मेकॅनिक जागेपणी विसरतात.

आता माझा श्वास. डायनामोच्या दांड्यावर एक मोठा पंखा आहे आणि तो एका पट्ट्याने फिरतो. पट्टा तुटला की गाडी हाकणाऱ्यासमोर लाल दिवा लागतो. ती माझी किंकाळी समजा आणि जागच्या जागी थांबा. घर जवळच आहे, एवढे जाऊन बघू, असे म्हणणाऱ्यांनी माझे कितीतरी भाऊ जाळून मारले आहेत.

हा पंखा माझ्या खोलीतली थंड हवा ओढतो, सिलिंडरांभोवतीच्या चकत्यांवरून फिरवतो आणि तापलेली हवा माझ्या पोटाखाली टाकून देतो. वर थंड खोली, खाली गरम तळघर. दोहोंच्या मधली जमीन म्हणजे माझ्या कडेने बसवलेले पातळ पत्रे आणि त्या पत्र्यांच्या काठाने फिरणारी काळ्या रबराची पट्टी. दिसायला ती पट्टी अगदी फालतू आहे. मळकट, चिरलेली, कुणाच्या डोळ्यांत न भरणारी. एवढे लक्षात ठेवा, पुढचे सगळे रामायण त्या पट्टीवरून घडले.

माझा जन्म १९७९ साली पुएब्लाच्या कारखान्यात झाला. एका बाईने माझे शेवटचे बोल्ट आवळले, पाठीवर खडूने खूण केली आणि जांभई दिली. एवढेच माझे बारसे. पहिली चौदा वर्षे मी इग्वालातल्या एका शिक्षिकेच्या गाडीत होतो. तिने मला कधी फडक्याने पुसलेसुद्धा नाही, पण ऑइल ठरल्या दिवशी बदलले. माझ्या हिशेबी ती संत होती. मग एका ट्रकने तिची गाडी समोरून चेपली. बाई वाचल्या, गाडी मेली, मी जगलो. मागे बसण्याचा हा फायदा.

मला गाडीतून काढणे सोपे असते. चार बोल्ट सोडवा, तारा आणि नळी काढा, खाली जॅक लावा. दोन माणसे अर्ध्या तासात मला बाहेर ठेवतात. तसे ठेवले आणि विसरले. पाच वर्षे मी भंगाराच्या अंगणात पडून होतो. एक तांबडी कोंबडी माझ्या पंख्याच्या घरात अंडी घालायची. तिच्यावर माझा राग नाही. त्या पाच वर्षांत मला काहीतरी समजून वापरणारी ती एकटीच होती.

तिथून मला फिदेन्सियो आरिसमेंदीने उचलले. तेव्हा तो पंचविशीचा होता आणि नुकताच टॅक्सी-थांब्यावर सेहेचाळीसावा नंबर मिळवून बसला होता. आधी त्याने चांदीचे काम शिकून पाहिले होते. गावात दुसरे शिकण्यासारखे काय आहे? पण त्याची बोटे जाड, आणि त्याने डाग देताना दागिन्यापेक्षा स्वतःलाच जास्त डाग दिले. त्याची बायको ओतिलिया मात्र अस्सल कारागीर. खिडकीपाशी बसून ती तोंडातल्या फुंकणीने ज्योत वाकवते आणि केसाएवढ्या तारेचे सांधे जुळवते.

फिदेन्सियोने मला पांढऱ्या वोचोत बसवले. तिची पुढची उतारूची खुर्ची काढलेली होती, म्हणजे लोकांना मागे शिरायला वाट मिळते. दाराला दोरी बांधलेली. उतारू बसला की फिदेन्सियो जागेवरून दोरी ओढतो आणि दार धाडकन लागते. अशा शे-दोनशे पांढऱ्या गाड्या आमच्या गल्ल्यांतून दिवसभर वर-खाली करतात. गल्ली इतकी अरुंद की समोरून दुसरी आली तर एकीने घराच्या उंबऱ्यावर चढायचे.

वीस वर्षे माझे छान चालले. डॉन साबास नावाचा म्हातारा मेकॅनिक माझी काळजी घ्यायचा. व्हॉल्व्हची फट तो पहाटे तपासायचा, इंजिन रात्रभर थंड झाल्यावरच. फट दीड दशांश मिलिमीटर, ना कमी ना जास्त. "गरम असताना हात लावशील तर थंडीत रडशील," असे तो फिदेन्सियोला म्हणायचा. मग डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि तो लेकीकडे राहायला निघून गेला. मी पडलो कोंपाद्रेच्या हातात.

कोंपाद्रे म्हणजे काय ते सांगतो. त्रांकिलिनो ओकाम्पोने फिदेन्सियोच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरले होते. त्यामुळे तो मुलीचा धर्मबाप, तिच्या बापाचा कोंपाद्रे, आणि तिची आई त्याची कोमाद्रे. हे नाते सख्ख्या भावापेक्षा नाजूक असते. भावाशी भांडता येते. कोंपाद्रेशी एकेरीत बोलतासुद्धा येत नाही. आणि तुमचा कोंपाद्रे मेकॅनिक असेल तर गाडी दुसऱ्या मेकॅनिककडे नेणे म्हणजे भर चौकात त्याच्या तोंडात मारणे. सकाळी नेलीत तर दुपारच्या जेवणाआधी गावभर झालेले असते.

त्रांकिलिनो वाईट माणूस नाही. पण त्याला एक रोग आहे: ज्याचे काम कळत नाही ते त्याला जादा वाटते. पहिल्याच खेपेला त्याने माझी रबराची पट्टी उपटली. मग कडेचे दोन पत्रे काढले.

"कोंपाद्रे, हे सगळं थंड देशांसाठी असतं," तो म्हणाला. "आपल्याकडे ऊन. इंजिनाला मोकळी हवा पाहिजे. बघा कसं श्वास घेईल!"

"तुम्ही म्हणता तर बरोबरच असणार, कोंपाद्रे," फिदेन्सियो म्हणाला.

मला ओरडावेसे वाटले, पण मला फक्त इंजिनासारखेच ओरडता येते, आणि त्याला ते तब्येत छान असल्याचे लक्षण वाटले.

झाले काय, ते तुम्हाला आता कळले असेल. मधली जमीनच गेली. मी खाली टाकलेली तापलेली हवा भोकातून वर येई आणि पंखा तीच हवा पुन्हा माझ्यावर मारी. स्वतःचाच उच्छ्वास मी पुन्हा पुन्हा ओढत होतो. सपाटीवर निभत होते. चढणीवर, पहिल्या गिअरमध्ये, चार माणसे घेऊन, माझा जीव कंठाशी यायचा. ऑइल पाण्यासारखे पातळ व्हायचे. ऑइलचा दिवा लुकलुकायचा. किल्ली काढल्यावरही मी दोन-चार उचक्या देत फिरत राहायचो. आणि तिसरा सिलिंडर! आमच्या जातीत तिसरा आधीच बदनाम आहे, थंड हवा त्याच्या वाट्याला सगळ्यात कमी येते. तो ठोके द्यायला लागला.

एका गुरुवारी ग्वादालूपेच्या चढणीच्या वळणावर मी बसलो. गाडीत दोन्या, म्हणजे बाई, गाउदेन्सिया होत्या आणि त्यांच्या मांडीवर पोसोलेचे भले मोठे पातेले. गुरुवारी आमच्याकडे सगळे गाव हिरवा पोसोले खाते. मक्याचे फुगलेले दाणे, डुकराचे मांस, वर मुळा आणि लिंबू. गाउदेन्सियाबाईंची वरच्या चौकातली जागा दुपारी दोनला भरलेली असते.

"काय झालं रे?" त्या म्हणाल्या.

"दमलाय, दोन्या. पाच मिनिटं द्या, थंड होईल."

"पाच मिनिटांत माझी गिऱ्हाइकं त्या आनास्तासियाच्या पातेल्यावर बसतील. उतर. उचल हे."

फिदेन्सियोने खांद्यावर फडके टाकले, पातेले उचलले आणि चारशे पायऱ्यांची वाट धरली. मागून बाई त्याच्या आजोबांपर्यंतच्या पिढ्यांचा उद्धार करत चढत होत्या. दहा दिवसांनी बाप्तिस्म्याला निघालेले एक कुटुंब त्याच वळणावर उतरले. बाळ घामेजले, पाद्रीबाबा ताटकळले.

एका महिन्यात दोनदा. आमच्या थांब्याचा नियम जुना आहे. महिन्यात दोनदा उतारू चढणीत उतरवला, तर त्या गाडीने वजनाची चढण द्यायची. थांब्यावरची सगळ्यात वजनदार तीन माणसे आणि चौथा तो उतारू, ज्याला सगळ्यात आधी पायी चालावे लागले. त्यांना घेऊन भर दुपारी दोन वाजता, न थांबता, ग्वादालूपेच्या चौकापर्यंत. वाटेत गाडी थांबली, किंवा उतारूने "थांबव" म्हटले आणि थांबावे लागले, तर नंबर गेला. यादीत पुढचा जो असेल त्याला तो मिळतो.

यादीत पुढचा होता बाल्तासारचा भाचा. बाल्तासार म्हणजे ज्याला सगळे 'टाकी' म्हणतात, थांब्यावरचा सगळ्यात लठ्ठ माणूस. म्हणजे परीक्षेला तो गाडीत असणारच होता.

थांब्याचा चिटणीस एर्मिलो कास्त्रेखोन हा काटकुळा, कडक माणूस. त्याने फिदेन्सियोला सगळ्यांसमोर सांगितले, "पुढच्या गुरुवारी. दोन वाजता."

"पाया पडू का काय, एर्मिलो?" फिदेन्सियो हसायचा प्रयत्न करत म्हणाला.

"माझ्या नको. इंजिनाच्या पड."

"अरे, त्याला दोरी बांधून आणा वर," कोणीतरी ओरडले. "दाराची आहेच!"

"फिदेन्सियो, पोसोले पोचवायचं काम छान जमतंय तुला," टाकी म्हणाला. "तेच कर. माझ्या भाच्याला नंबर दे."

सगळे खदखदून हसले. फिदेन्सियोही हसला. पण घरी येऊन त्याने दोरी ओढून दार लावले आणि बराच वेळ आतच बसून राहिला. पन्नाशीला आलेला माणूस. त्याला दुसरे काहीही येत नव्हते. नंबर गेला तर गावात त्याची ओळखच उरत नव्हती. इथे लोक त्याला नावाने कमी आणि 'सेहेचाळीस' म्हणून जास्त हाक मारतात.

त्या आठवड्यात कोंपाद्रेने माझ्यावर उपचारांचा सपाटा लावला. घट्ट ऑइल भरले. मागचे झाकण लाकडाचा ठोकळा लावून अर्धे उघडे ठेवले. पेट्रोल नळीतच उकळते आहे असे ठरवून नळीवर कपड्यांचे लाकडी चिमटे ओळीने लावले. आमच्याकडे हा उपाय फार लोकप्रिय आहे, आणि तो करणाऱ्या एकालाही तो का करतात हे सांगता येत नाही. शेवटी भर दुपारी, मी उकळत असताना, त्याने माझ्या व्हॉल्व्हची फट जुळवली. डॉन साबास असता तर त्याने पाना फेकून मारला असता. तापलेले धातू फुगलेले असतात. तेव्हा मोजलेली फट म्हणजे जेवल्यावर घेतलेले कमरेचे माप.

ओतिलिया हे सगळे खिडकीतून पाहत होती.

"म्हाताऱ्या, माझे चिमटे परत कधी मिळणार?" तिने नवऱ्याला विचारले. "धुणं काय हातात धरून वाळवू?"

"थोडे दिवस, ओतिलिया."

"आणि ते काळं रबर होतं ना कडेनं? ते कुठं गेलं?"

"कोंपाद्रेनं काढलं. हवा लागावी म्हणून."

"लागली का?"

फिदेन्सियो दाराची दोरी उगाच सोडून पुन्हा बांधू लागला.

"मी विचारतेय, लागली का हवा?"

"मी त्याला काय सांगू? तुमचं चुकलं म्हणू? पोरीचा धर्मबाप आहे तो!"

"पोरीचा आहे. गाडीचा नाही."

"तुला सांगायला सोपं आहे. तुझ्याशी तो भांडणार नाही, माझ्याशी जन्मभर बोलणार नाही."

ओतिलियाने चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे पाहिले. मित्रांनो, पंचेचाळीस वर्षांत अनेकांनी माझ्याकडे पाहिले, पण बहुतेकांनी शिव्या देण्यासाठी. ही बाई ज्योतीची माणूस. ज्योत हवा कुठून ओढते आणि कुठे टाकते, हे पाहण्यातच तिचे आयुष्य गेले. तिने हात माझ्या पंख्याच्या तोंडाशी नेला, मग त्या भोकाशी. दोन्ही ठिकाणी तिला सारखाच चटका बसला. मग तिने आत जाऊन धुपाचे गाठ मारलेले गाठोडे तेवढे काढून ठेवले.

मंगळवारी तिने त्रांकिलिनोला निरोप धाडला: गाडीला धूप दाखवायचा आहे, घरचे माणूस म्हणून धर्मबापाने हजर राहायला हवे. आता याला नाही कोण म्हणणार? त्रांकिलिनो धुतलेला सदरा घालून, केसांना पाणी लावून आला.

फिदेन्सियोने मला चढणीवरून एक फेरी मारून आणले होते. मी तापलेला, अंगणात सुरूच होतो. ओतिलियाने मातीच्या धुपाटण्यात निखारे घातले, त्यावर कोपाल नावाच्या राळेचे खडे टाकले. पांढरा दाट धूर उठला. धुपाटणे तिने गाडीच्या मागून सरकवून बरोबर माझ्या पोटाखाली ठेवले.

कुंपणावरून शेजारीण डोकावली. "दोन्या ओतिलिया, भूत उतरवताय का?"

"बघू या. असलं तर दिसेल."

"कोमाद्रे, झाकण उघडतो," त्रांकिलिनो आदराने म्हणाला. "आतही धूप लागू दे."

"उघडा ना."

त्याने झाकण उघडले. धूर बाजूने बाहेर जायला हवा होता. तसा थोडा गेलाही. पण बाकीचा धूर, जाडजूड दोरखंडासारखा, पत्रे काढलेल्या भोकातून वर आला, वळला आणि सरळ माझ्या पंख्याच्या तोंडात शिरला. खालून पुन्हा बाहेर पडला. पुन्हा वर आला. आपलीच शेपटी गिळणाऱ्या सापासारखा तो गोल गोल फिरत होता.

ओतिलियाने एक ओले फडके पिळले आणि त्या भोकावर दाबून धरले. धूर तुटला. पंख्यात झाकणाकडून स्वच्छ हवा जाऊ लागली. तिने फडके उचलले. दोरखंड परत हजर. तीनदा तिने हे केले.

त्रांकिलिनो उकिडवा बसला. धूर डोळ्यांत जात होता तरी हलला नाही. मग सगळे मेकॅनिक आधीच्या मेकॅनिकबद्दल ज्या सुरात विचारतात, त्याच सुरात सवयीने तो गरजला, "कुठल्या गाढवानं काढले हो इथले पत्रे?"

शेजारीण कुंपणाखाली गडप झाली. फिदेन्सियो स्वतःच्या बुटांकडे पाहू लागला. ओतिलिया निखारे ढवळू लागली.

त्रांकिलिनोच्या मानेवरून लाली चढत चढत कानांपर्यंत गेली.

"कोंपाद्रे," तो हळूच म्हणाला, "मीच ना?"

"आता... उन्हाळ्याचे दिवस होते, कोंपाद्रे," फिदेन्सियो म्हणाला.

"उन्हाळा गेला खड्ड्यात. मीच." तो उठला. धुतलेल्या सदऱ्याच्या बाह्या त्याने कोपरावर सरकवल्या. "कोमाद्रे, कॉफी ठेवा. मोठं भांडं ठेवा."

मी आजवर खूप लोकांवर चिडलो आहे, मित्रांनो. पण चुकलो म्हणून जागच्या जागी बाह्या सरकवणारा माणूस दिसला की माझा राग निवतो. असे फार नसतात. बहुतेक जण चूक दिसल्यावर ती जास्त घट्ट आवळतात.

एक पत्रा त्याच्या दुकानात केरभरणी म्हणून वापरात होता, तो आला. दुसरा सापडेना. तेव्हा ओतिलियाने चांदी कापायची कात्री घेतली, जुन्या ऑइलच्या डब्याचा पत्रा कापला, काठ वाकवले, आणि असा चपखल बसवला की कारखान्याने लाजावे. रबराची पट्टी ट्रकच्या फाटक्या ट्यूबमधून कापून निघाली. लाकडी ठोकळा चुलीत गेला. ऑइल योग्य जातीचे भरले. चिमटे दोरीवर परतले. आणि बुधवारी पहाटे, गाव उठायच्या आधी, थंडगार अंगावर त्रांकिलिनोने माझ्या आठही व्हॉल्व्हची फट दीड दशांशावर आणली. तिसऱ्या सिलिंडरपाशी त्याने दोनदा मोजले.

"जळला तर नसेल ना हा?" फिदेन्सियोने विचारले.

"कळेल उद्या," त्रांकिलिनो म्हणाला. खोटा दिलासा त्याने दिला नाही.

गुरुवारी दोन वाजता ऊन दगडांतून वर येत होते. थांब्यावरचे सगळे जमले होते. मागच्या बाकावर मोंतेस बंधू बसले; त्यांना थोरला बटाटा आणि धाकटा बटाटा म्हणतात, आणि ते नाव कमीच आहे. त्यांच्यामध्ये दोन्या गाउदेन्सिया रुतल्या. पुढच्या खुर्चीच्या रिकाम्या जागेत फळांचे खोके पालथे घालून टाकी बसला. माझी मागची चाके पोटात शिरली.

"माझं पातेलं!" गाउदेन्सियाबाई म्हणाल्या.

"दोन्या, पातेलं नियमात नाही," एर्मिलो म्हणाला.

"गेल्या वेळी होतं. मी तशीच जाणार, जशी निघाले होते."

नियमाला नियम भेटला. पातेले टाकीच्या मांडीवर गेले. एर्मिलो दुसऱ्या गाडीने वर निघून गेला. फिदेन्सियोने छातीवर क्रूस काढला, दोरी ओढली, दार लागले.

पहिला गिअर. एक, चार, तीन, दोन. एक, चार, तीन, दोन. मी ओढत होतो आणि वरून येणारी हवा थंड होती! खरोखरची थंड, आधी कुणी न वापरलेली. चांदीची दुकाने गेली, फुलवालीचा कोपरा गेला. समोरून एक गाडी आली, ती स्वतःच उंबऱ्यावर चढली आणि हॉर्न वाजवत राहिली. ते वळण आले. तिसऱ्याने एकदा अडखळल्यासारखे केले. फिदेन्सियोने पाय आणखी दाबला, ते मला पेट्रोलच्या धारेत जाणवले. पण तिसरा सावरला. जळला नव्हता बिचारा. आम्ही वळलो, आणि वळणातल्या उंच दगडावर चाक आपटले.

पातेल्याचे झाकण उडाले. गरम हिरवा रस्सा टाकीच्या मांडीवर सांडला.

"आई गं!" टाकी किंचाळला. "माझी मांडी! माझी मांडी!"

"माझा पोसोले!" बाई ओरडल्या.

"थांबव म्हणताय का?" फिदेन्सियोने विचारले. नियम म्हणजे नियम. टाकीने तो एक शब्द उच्चारला असता तर फिदेन्सियोने ब्रेक दाबला असता, आणि सेहेचाळीस नंबर भाच्याचा झाला असता. कोणी टाकीला दोष दिला नसता. त्याची मांडी खरोखरच भाजत होती.

टाकीने तोंड उघडले. घामाने थबथबलेला, लालबुंद. तो माझा आवाज ऐकत होता. सत्तावीस वर्षे त्याने अशीच गाडी हाकली होती. चढणारे इंजिन आणि बसणारे इंजिन यांतला फरक त्याला कुणी शिकवायला नको होता.

"हे तर चढतंय," तो दात आवळून म्हणाला. "चढणाऱ्याला मी कशाला थांबवू? चालव, सेहेचाळीस! चालव, मेल्या, लवकर! वर पाणी आहे!"

धाकट्या बटाट्याने टोपी काढून त्याच्या मांडीला वारा घालायला सुरुवात केली. गाडी इतकी भरलेली होती की त्याचा हात मध्ये अडकला आणि वारा बाईंना लागला. आणि असे, शिव्या देत, हसत, विव्हळत, आम्ही ग्वादालूपेच्या चौकात चढलो.

फिदेन्सियोने मला लगेच बंद केले नाही. मिनिटभर तसेच हळू फिरू दिले, पंख्याने उरलेला ताप काढून टाकावा म्हणून. टाकी कारंज्याच्या कठड्यावर बसून मांडीवर पाणी ओतत होता. एर्मिलो माझ्यामागे आला. त्याने झाकण उघडले, ऑइल मोजायची पट्टी उपसली आणि उघड्या दोन बोटांत धरली. ऑइल उकळत असेल तर माणूस ती लगेच सोडतो. एर्मिलोने मनात मोजले. ओठ हलताना दिसत होते: एक, दोन, तीन. सोडली नाही. पट्टी पुसून परत जागेवर घातली. बोटे पँटला पुसली.

"सेहेचाळीस," तो म्हणाला, "आज तुझी पाळी कितवी?"

"सहावी," फिदेन्सियो कसाबसा म्हणाला.

"मग इथं काय करतोस? खाली चौथी गाडी निघाली."

फिदेन्सियोने माझे झाकण बंद केले, आणि क्षणभर तळहात त्यावर ठेवला. मग आम्ही उतारावर लागलो, आणि उतारावर मला काहीच करावे लागत नाही.

त्याला आता तीन वर्षे झाली. मी अजून चालतो. थोडे ऑइल गाळतो. आमच्या वयाचे जे गाळत नाही त्याच्यात ऑइल उरलेलेच नसते. त्रांकिलिनो अजूनही माझा मेकॅनिक आहे आणि आता चांगला मेकॅनिक आहे.

मित्रांनो, मी कुणाची दया मागत नाही. मला धुऊ नका, हार घालू नका, जुने ते सोने म्हणत माझे फोटो काढू नका. माझे म्हणणे एवढेच आहे. कोणत्याही यंत्राचा एखादा मळका, चिरलेला, निरुपयोगी वाटणारा भाग तुम्ही उपटायला निघालात, तर आधी विचारा की तो तिथे का बसवला होता. ज्याने बसवला तो तुमच्याइतका मूर्ख नव्हता असे धरून चाला. उत्तर सापडले तर खुशाल काढा. सापडले नाही, तर पाना खाली ठेवा, चूल पेटवा, कॉफी टाका आणि माझ्याजवळ बसून पाहत राहा. मी श्वास कुठून घेतो ते कधीतरी दिसेलच.